पुलाच्या अलीकडचं स्टूल

गल्लीत ताई ओळखली जाते ती तिच्या एका प्रश्नामुळे. कुणीही फोटो, चित्र किंवा प्रमाणपत्र घेऊन फ्रेम करायला आलं, की ताई ते टेबलावर पसरते, चारी कडांवरून अंगठा फिरवते आणि चष्म्यावरून बघत विचारते, "कडेला काही महत्त्वाचं आहे का?"

गिऱ्हाईक बावचळतं. "कडेला? म्हणजे?"

"म्हणजे सही, तारीख, एखादं माणूस. पट्टीखाली गेलं तर मागाहून माझ्या नावाने शंख करू नका."

फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते. चित्र त्या खाचेत बसतं आणि चारी बाजूंनी त्याची थोडी कड पट्टीखाली गडप होते. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. पण एकदा एक डॉक्टरीणबाई कॉलेजातला फोटो घेऊन दुकानात परत आल्या होत्या, अगदी रडवेल्या होऊन. "हिला का हो काढलंत? हिच्यासाठीच तर फ्रेम करून घेतली!" डावीकडून पहिली उभी असलेली मैत्रीण पट्टीखाली गेली होती. ताईने जागच्या जागी खिळे उपटले आणि मैत्रिणीला बाहेर काढलं. तेव्हापासून हा प्रश्न तिच्या तोंडी बसला तो बसलाच.

दुकान वडिलांचं, म्हणजे आप्पांचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आप्पा दुकानाच्या उंबऱ्याशी एका बुटक्या स्टुलावर बसत, एक पाय दुमडून, कानामागे पेन्सिल खोचून आणि मान डावीकडे कलती करून. समोरची फ्रेम सरळ टांगली आहे की नाही हे बघताना ही मान कलायची. पुढे पुढे ती तशीच राहिली. सगळं जग जरासं तिरकं टांगलेलं आहे आणि ते सरळ करायचं काम आपल्याकडे आहे, असा त्यांचा चेहरा असायचा. ताईने हे काम त्यांच्याकडूनच उचललं. धाकट्या भावाने मात्र करवतीला हात लावला नाही. तो दिवसभर चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका रंगवत बसायचा. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं ठिपक्या, आणि पुढे शाळेतले मास्तरसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारू लागले.

आता ताईच्या नवऱ्याबद्दल. त्यांना सगळी गल्ली खटपटे म्हणते. हे आडनाव नव्हे, स्वभाव आहे. त्यांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला लिफ्ट उरली नाही, म्हणून त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. ज्या वस्तूला बटण आहे ती वस्तू या घरात सुरक्षित नाही. त्यांनी फ्रिजची थंडी वाढवली तेव्हा दुधाचा दगड झाला. दाराच्या घंटीचा आवाज बदलला, तर टपालवाला दचकून दोन पायऱ्या खाली गेला.

"तुम्हाला आहे तसं काहीच बरं वाटत नाही का हो?" ताई विचारते.

"आहे तसं म्हणजे कुणीतरी ठेवलंय तसं," खटपटे म्हणतात. "ठेवणाऱ्याला अक्कल होती कशावरून?"

तर असे हे खटपटे एके दिवशी माळा आवरत होते. पत्र्याच्या डब्यात त्यांना राखाडी रंगाची एक गेमची कॅसेट सापडली. जुन्या काळी टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून त्यात वरून खुपसायची, तसली. लेबलावर ठिपक्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आप्पांसाठी'.

ताईने ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. "ही ठेवून द्या."

"अगं, एम्युलेटर म्हणून असतो. कॉम्प्युटर जुन्या यंत्राचं सोंग घेतो. कॅसेट वाचायची एक डबी मिळते, ती मागवली की..."

"म्हटलं ना, ठेवून द्या."

त्यांनी कॅसेट ठेवून दिली. डबी मात्र मागवली.

त्या कॅसेटचं दुखणं जुनं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ठिपक्या एका छोट्या कंपनीत लागला होता. तिथे टीव्हीवरचे खेळ बनवत, आणि ठिपक्या त्यांतली चित्रं काढायचा. कागदावर ठिपके काढून पोट भरता येतं याचं आप्पांना मोठं नवल वाटलं होतं. त्याच वर्षी आप्पांनी अंथरूण धरलं. भेटायला आलेला ठिपक्या त्यांच्या उशाशी बसून म्हणाला, "आप्पा, आमच्या खेळात मी तुम्हाला बसवतोय. तिसऱ्या टप्प्यात पूल आहे ना, तिथे. स्टुलासकट."

आप्पा हसले. "पेन्सिल विसरू नकोस."

खेळ तयार झाला. ठिपक्याची कंपनी दुसऱ्या शहरात होती आणि त्याला सुटी मिळेना, म्हणून त्याने यंत्र आणि कॅसेट पाठवून दिली. हरवलेली बकरी शोधत निघालेल्या एका मुलीचा खेळ होता तो. ताईने जन्मात खेळाचं बटण दाबलं नव्हतं. पण तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचल्याशिवाय आप्पा दिसणार नव्हते, म्हणून ती शिकली. दुकान बंद करून यायची, आप्पांच्या पलंगाशी जमिनीवर बसायची आणि त्या मुलीला दरीत पाडायची. आप्पा पडल्या पडल्या सूचना द्यायचे. "आधी थांब. आता उडी. अगं, एवढी घाई कसली, बकरी काही गाडी पकडायला निघाली नाही!"

शेवटी पूल आला. डावीकडून खेळ सुरू होत होता, समोर नदी, मागे धबधबा. आणि आप्पा नव्हते.

ताईने तो टप्पा पुन्हा पुन्हा खेळून पाहिला. पूल ओलांडला, पुलाखाली पाहिलं. आप्पांनी मान उचलून काचेवर नजर रोखली होती. डाव्या कडेला जमिनीतून वर आलेला एक तपकिरी खुंटा तेवढा दिसत होता. बकरी बांधायचा असेल, असं ताईला वाटलं. टप्पा पुन्हा सुरू झाला की आप्पा दर वेळी तिकडेच बघायचे. म्हणाले, "तो खुंटा बघ. दोनच ठिपके, पण लाकूड वाटतंय. पोराला लाकूड कळतं." मग म्हणाले, "माझं राहून गेलं असेल. कामाच्या गडबडीत राहतं." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवसांनी ते गेले.

ताईने ठिपक्याला फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, "आहेत ना! डाव्या टोकाला, पुलाच्या अलीकडे. नीट बघ." ती नीटच बघत होती. आप्पा गेल्यावर तो आला तेव्हा तिने पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. "चल माझ्याबरोबर तिकडे, माझ्या खोलीवरच्या टीव्हीवर दाखवतो." तेव्हा ताईच्या तोंडून निघून गेलं, "आता काय, घालशील आणि दाखवशील. तुझ्याच हातात आहे सगळं. मरणाऱ्या माणसाला थाप मारलीस, ती मारलीस."

ठिपक्याने पायात चपला सरकवल्या आणि तो निघून गेला. पुढे त्याने ती कंपनी सोडली, याच शहरात परत आला, औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढायचं काम धरलं. बसने पाऊण तासाच्या अंतरावर राहतो. कुणाच्या लग्नात समोरासमोर आले, तर "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढ्यावर भागवतात. आप्पांचा तो टीव्ही पुढे भंगारात गेला. त्याचा प्लास्टिकचा पुढचा भाग फार पूर्वीच तडकला होता, म्हणून आप्पांनी त्याला लाकडी चौकट करून बसवली होती, चांगली रुंद पट्टीची. तेवढी ताईने काढून ठेवली आणि आरसा घालून दुकानाच्या भिंतीवर लावली. रोज सकाळी त्यात बघून ती केस सारखे करते.

डबी आली. खटपट्यांनी मागच्या खोलीत टीव्हीला कॉम्प्युटर जोडला आणि बायको पुढे दुकानात असल्याची संधी साधून बकरी शोधायला सुरुवात केली. मुलगी पडल्याचा आवाज दुकानापर्यंत येऊ लागला. टुईं. पुन्हा टुईं. ताई एका लहान बाळाच्या पायांच्या ठशांभोवती लावायचा पुठ्ठा, माउंट, कापत होती. प्रत्येक टुईं ऐकली की तिचा हात थांबायचा. तो आवाज तिने सत्तावीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि तरी मुलगी कुठल्या खड्ड्यात पडते आहे हे तिला भिंतीपलीकडून कळत होतं.

शेवटी तिने पट्टी ठेवली आणि आत गेली. रागवायलाच गेली होती. पण समोरचं बघून राग जागच्या जागी थिजला.

"हे काय केलंय तुम्ही हिचं?"

पडद्यावरची मुलगी आडवी फुगली होती. चाकं लावलेल्या कपाटासारखी चालत होती.

"पूर्ण पडद्यावर आणलंय," खटपटे अभिमानाने म्हणाले. "नाहीतर दोन्ही बाजूंना काळं राहत होतं. आणि बघ, चौकोन चौकोन दिसत होते ते घासून गुळगुळीत केलेत. फिल्टर असतो."

"मेणाची दिसतेय. जरा उन्हात ठेवली तर वितळेल."

"आणि कडेला कसलातरी कचरा वळवळत होता, चमकणाऱ्या रेघा. तोही छाटून टाकला. किती छाटायचं त्याचा आकडा असतो; मी तो सगळ्यात मोठा करून ठेवलाय."

ताईला परत फिरायचं होतं. पण तेवढ्यात मुलगी पुन्हा त्याच खड्ड्यात पडली, आणि ज्या बाईने तो खड्डा आप्पांच्या देखरेखीखाली पार केला होता, तिला ते सहन झालं नाही.

"सरका तिकडे."

तिचं तिलाच खरं वाटेना. बोटं आपणहून चालत होती. थांब, उडी, दोन पावलं, पुन्हा उडी. खटपटे आ वासून बायकोकडे बघत होते. अठ्ठावन्न वर्षांची, केसांत लाकडाचा भुसा, नाकावर चष्मा, आणि दरीवरून उडते आहे.

"तुला हे अजून येतं?"

"गप्प बसा. पुढे वटवाघूळ आहे."

पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. पूल आला. नदी आली, धबधबा आला. आणि डावीकडे काही नव्हतं. तेव्हा निदान खुंटा तरी होता. आता तोही नव्हता.

ताईने हातातला खेळाचा रिमोट खाली ठेवला. "झालं समाधान? म्हणून म्हटलं होतं, ठेवून द्या."

खटपट्यांना सगळी हकिगत ठाऊक होती. पण ही जखम अजून ओली आहे हे त्यांना आत्ता दिसत होतं. बोलून समजूत घालणं त्यांना कधी जमलं नाही. माणूस अडकला की ते हातोडी घेऊन धावणारे. "थांब, थांब," ते म्हणाले, "मी फार खेळत बसलो त्याच्याशी. सगळं मुळासारखं करतो. जुन्या टीव्हीवर दिसायचं तसं." त्यांनी मेनू उघडला आणि सगळी सेटिंगं एका फटक्यात मूळपदावर आणणारं बटण दाबलं.

फुगलेलं चित्र आक्रसून आपल्या मापाचं झालं. मेण गेलं, चौकोन परत आले. धबधब्याचं पाणी जाऊन तिथे उभ्या काड्यांचं कुंपण झालं, एक पांढरी, एक निळी.

आणि चारी बाजूंनी चित्र थोडं थोडं वाढलं.

ताईच्या घशातून जो आवाज निघाला तो खटपट्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

डाव्या टोकाला, पुलाच्या अलीकडे, एक माणूस बसला होता. बुटकं स्टूल. एक पाय दुमडलेला. कानामागे पिवळा ठिपका. आणि मान डावीकडे कललेली, एका ठिपक्याने. एकाच ठिपक्याने, पण त्यात आप्पा अख्खे होते.

"अगं," खटपटे म्हणाले. मेनूवरचा हात त्यांनी काढून घेतला.

ताई उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "हे नंतर घातलंय," ती म्हणाली. "त्याने नंतर घातलंय हे."

"कुठून घालणार? कॅसेट माळ्यावर होती. तूच ठेवली होतीस."

"मग दुसरी असेल."

खेळ कॉम्प्युटरने केव्हाच उतरवून घेतला होता; खटपट्यांनी डबीतून कॅसेट काढून तिच्या हातात दिली. 'आप्पांसाठी'. एका कोपऱ्यावर आप्पांच्या औषधाचा जांभळा डाग होता. तो तिच्याच हातून सांडला होता.

मेनू उघडल्यापासून खेळ थांबलेला होता. पडद्यावर पाण्याच्या काड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि आप्पा मान कलती करून समोर बघत होते. मग खटपटे हळूच म्हणाले, "जुने टीव्ही कड खायचे, बरं का. सगळेच. थोडं चित्र काचेच्या बाहेर जायचं."

"थोडं," ताई म्हणाली. आता तिच्यातली फ्रेमवाली जागी होत होती. तिने एप्रनच्या खिशातून टेप काढला आणि थेट पडद्याला लावला. आप्पा किती रुंद, चित्र किती रुंद. "टीव्ही खाऊन खाऊन किती खाईल? अर्धे आप्पा. गुडघा तरी दिसला असता. पेन्सिल दिसली असती. मला एक खुंटा..."

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर उघड्या दारातून दुकानात गेली होती, भिंतीवरच्या आरशावर.

खटपट्यांनी तिला आरसा उतरवताना पाहिलं आणि मदतीला गेले, तर तिने हातानेच त्यांना बाजूला केलं. आरसा टेबलावर पालथा घातला, खिळे काढले, काच सोडवली. नुसती चौकट हातात राहिली. आतून टीव्हीच्या काचेची खूण अजून होती, धुळीची एक करडी रेघ. आणि त्या रेघेच्या आत पट्टी चांगली पुढे आली होती. तीन बाजूंनी बोटभर. डावीकडून त्याहून जास्त, कारण डावीकडचा तडा मोठा होता आणि तो झाकायचा होता. चौकट बसवताना आप्पांनी म्हटलेलं ताईला आठवलं, त्यांच्या आवाजासकट: "चालतंय गं. कडेला कोण बघतंय?"

"चित्र लहान करा," ती म्हणाली.

"किती?"

"मी सांगते तेवढं. ही रेघ म्हणजे काच. काचेपेक्षा जरा मोठं करा, तो टीव्ही खायचा तेवढं."

या वेळी खटपट्यांनी स्वतःची अक्कल मध्ये आणली नाही. बायको सांगत गेली, ते आकडा बदलत गेले. आणखी थोडं. आता एक घर मागे. बस्स. मग ताईने ती चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि पडद्यावर टेकवली.

आप्पा गेले.

पेन्सिल गेली, मान गेली, दुमडलेला पाय गेला. पट्टीला लागून फक्त स्टुलाचा उजवा पाय उरला. जमिनीतून वर आलेला एक तपकिरी खुंटा. दोन ठिपके.

ताईने चौकट बाजूला घेतली, आप्पा आले. टेकवली; गेले. तिसऱ्यांदा टेकवली तेव्हा खटपट्यांनी मागून चौकट धरली, नाहीतर ती खाली आली असती.

"त्यांनीच केली होती ही," ताई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत. अहो, त्यांनी स्वतःच स्वतःला..." आणि मग, काही वेळाने, "मी रोज यात बघून केस विंचरते."

फोन तिने स्वतःच लावला. ठिपक्याचा नंबर तिला पाठ होता, हे खटपट्यांना नव्याने कळलं.

"हॅलो?"

"मी बोलतेय."

पलीकडे एकदम धावपळ झाल्यासारखं वाटलं. "ताई? काय झालं? दाजी बरे आहेत ना?"

"दाजींना काय धाड भरलीय! ठिपक्या, आप्पा दिसले."

"काय?"

"पुलाच्या अलीकडे. स्टुलावर बसलेले. पेन्सिल आहे."

मग त्याचा आवाज आला, अगदी कोरडा. "आत्ता दिसले?"

"आत्ता."

"ताई, थट्टा करतेस का माझी?"

"नाही रे. तेव्हा नव्हतेच दिसत. खरंच नव्हते. टीव्हीला ती चौकट होती ना, आप्पांनी केलेली. डावीकडची पट्टी रुंद होती. तिच्याखाली होते. आत्ता लावून बघितली मी."

"चौकट," ठिपक्या म्हणाला. आणि मग, जणू कुणी त्याला जिन्यावरून ढकललं असावं अशा आवाजात, "ती चौकट मी धरली होती. आप्पा सरस लावत होते आणि म्हणाले, दाब नीट. सरस सुकेपर्यंत मी दाबून धरून बसलो होतो. माझ्या हातांना तिची रुंदी माहीत होती, ताई."

"पण इतक्या कडेला का बसवलंस रे त्यांना?"

"आधी मध्येच बसवले होते. पुलावर. ऑफिसात लोकांना खेळून बघायला दिलं. एकजात सगळ्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? आप्पांना लाथ घातली. त्यांना वाटलं हा कुणी शत्रू आहे. दिवसभर ऑफिसात आप्पांना लाथा बसत होत्या. मला बघवेना. म्हणून सरकवत सरकवत तिथे नेले, जिथे कुणाचा पाय पोहोचणार नाही."

ताईला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. खटपटे पाण्याचा पेला घेऊन आले आणि नुसतेच उभे राहिले.

"मग तू भांडला का नाहीस माझ्याशी?" ती म्हणाली. "खोटारडा म्हटलं मी तुला. नुसता चपला घालून गेलास."

"मला वाटलं, आप्पांनी बघितलं आणि त्यांना आवडलं नाही. मान वाकडी काढली म्हणून. आजारी माणसाची मान वाकडी काढतं का कुणी? आणि ते मला कळू नये म्हणून तू म्हणतेस, नाहीतच. तुझा राग नव्हता आला मला. मला वाटायचं, मी त्यांना दुखवून पाठवलं."

सत्तावीस वर्षं. ताईने या माणसाला लबाड धरून सगळा हिशोब मांडला होता, आणि तो पाऊण तासाच्या अंतरावर बसून एका ठिपक्याबद्दल स्वतःला दोष देत होता.

"म्हणजे आप्पांनी बघितलंच नाही," ठिपक्या म्हणाला. हे मात्र प्रश्नासारखं नव्हतं.

"स्टुलाचा पाय बघितला," ताई म्हणाली. "तेवढाच पट्टीच्या बाहेर होता. मला वाटलं खुंटा आहे. त्यांनाही तसंच वाटलं. म्हणाले, दोनच ठिपके, पण लाकूड वाटतंय. पोराला लाकूड कळतं. खूप वेळ तेच बघत होते."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"भांडण चालू होतं ना."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मी येतोय," ठिपक्या म्हणाला. "आणि दाजींना सांग, काही बंद करू नका. हात लावू नका कशाला."

तो आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. दारात त्याने "बरं आहे ना?" विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ताईने बघितलं, त्याचे केस पांढरे झाले होते, आणि त्याची मान किंचित डावीकडे कलत होती. त्याला ते ठाऊक नसावं.

तो टीव्हीसमोर जमिनीवर बसला, जिथे मघाशी ताई बसली होती. आधी त्याने चौकट मागितली. पडद्यावर टेकवली, काढली, पुन्हा टेकवली. डाव्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग ती भिंतीशी नीट उभी करून ठेवली आणि दोघं शेजारी शेजारी आप्पांकडे बघत बसली.

खटपट्यांना राहवेना. "ते पाणी काड्यांसारखं दिसतंय," ते म्हणाले. "जुन्या टीव्हीसारखं अंधुक करायचा एक फिल्टर आहे. लावू का? काड्यांचं पाणी होईल."

"नको!" दोघं एकदम ओरडली.

"बरं, बरं. मी फक्त विचारलं."

ठिपक्याने मेनू मिटवून थांबलेला खेळ चालू केला. ताईने रिमोट हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मुलगी उजवीकडे चालायला लागली की चित्र पुढे सरकतं, आणि मागे काही परत येत नाही. हा खेळ तसाच बनवलेला होता. तिने तो ठिपक्याकडे दिला. त्यानेही बटण दाबलं नाही.

"थांब," तो म्हणाला. "थोडा वेळ काहीच केलं नाही की काय होतं ते बघ. हे कुणी बघितलेलंच नाही. कुणाला थांबायला वेळ नसतो."

ती थांबली. पडद्यावरच्या मुलीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. पाय हलवले. मग बकरी शोधायचं सोडून ती खाली बसली, आप्पांच्या स्टुलाशी, गुडघ्यांना मिठी मारून.